डिसेंबर गुणिले बारा

काणकोणच्या मामलेदार कचेरीत, खिडकी क्रमांक तीनसमोर
मी भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन उभी आहे.
ओढताना खिळाही निघून आला.
तो पिशवीत आहे, छत्रीच्या खाली.

अर्जात विचारलंय, मासिक उत्पन्न,
आणि पुढे चौकोन, नखाएवढा.
कुठल्या महिन्याचं, मी म्हटलं.
बाय, कुठल्याही, तो म्हणाला.
गळ्यातल्या पट्टीवर त्याचं नाव आहे, गौरेश.
माझ्या मुलापेक्षा चार वर्षांनी मोठा असेल.

कुठलाही महिना माझ्याकडे नाही, गौरेश.
हे बघ.
निळा गोल म्हणजे पूर्ण दिवस,
आगोंदच्या रिसॉर्टात, चादरी आणि संडास.
अर्धा गोल म्हणजे बारापर्यंत राबवून
मिनेझिस म्हणाला, पाहुणे आले नाहीत, जा.
फुली म्हणजे बोलावलं, दोन बस बदलून गेले
आणि फाटकावरूनच परत. तिकीट माझं.
टिंबं काजूची, किलोवर.
लाल आहे ते गॅसचं,
ते धरू नकोस.

त्याने पानं उलटली. सावकाश, हे मान्य करते,
बोटाला थुंकी न लावता.
जुलैत छापलेली एकादशी आणि माझा ताप,
बाकी कोरा.
ऑगस्टात दोन टिंबं, तीही खोडलेली.
मग डिसेंबर आला.
डिसेंबरात निळं इतकं की तारखा दिसेनात.
त्याने गोल मोजले, सव्वीस,
कॅल्क्युलेटर जवळ ओढला
आणि डिसेंबरला बाराने गुणलं.

बारा डिसेंबर!
मी खिडकीचा गज धरून ते वर्ष बघत राहिले.
माडांवर टांगलेल्या चांदण्या कुणी उतरवतच नाही.
झावळांच्या खोपी जूनमध्ये कुणी मोडत नाही.
मिनेझिस रोज पहाटे फोन करतो, ये, ये,
एकदा तर प्लीज म्हणतो.
माझ्या साबणाच्या हातांना सुकायला वेळ नाही,
मी सोयरूच्या नावाने गावजेवण घालते,
मुलाची आयटीआयची फी एका हप्त्यात,
आणि घरी कुणी विचारलं तर सांगते,
विधवेचे पैसे? छे, मी सोडले ते.

मर्यादेच्या वर जातंय, द्रौपदी वेळीप, तो म्हणाला.
बंद होईल.

मग जुलैला गुण की, मी म्हटलं.
तो हसला. हसणं वाईट नव्हतं.
शून्य लिहिलं तर साहेब विचारतील,
मग ही जगली कशी?

हे मलाही कुणीतरी विचारायला हवं होतं,
जुलैतच, दारात येऊन.
चंद्रावतीने पेज दिली, आठ वेळा.
राखेत पुरून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या होत्या.
दुकानदाराच्या वहीत माझं पान आहे, तो दाखला चालेल?
आणि महिन्याचे ते पैसे, जे तू आता बंद करणार,
त्यांच्यावरच जगले, बाबा.
त्या चौकोनात हे कुठून लिहू?

मागे रांगेत एक म्हातारा खोकला,
म्हणजे मला, आवर.

गौरेशने आवाज खाली आणला.
उद्या अकराला ये. तलाठ्याची चिठ्ठी आण,
काम अनियमित, असं. तेवढा शब्द असला
तर मी बारा महिने वेगळे मांडतो. बघतो.
पण उद्याच. परवा फाईल वर जाते.

अनियमित. मी पुटपुटून पाहिला तो शब्द.
इतकी वर्षं जे करते त्याला नाव होतं तर.

तेवढ्यात पिशवीत फोन थरथरला, खिळ्यावर आपटत.
मिनेझिस. उद्या तीस खोल्या,
लग्नाची पार्टी, सातला हजर. येतां म्हण,
नाहीतर दुसरीला सांगतो. आणि पुढच्या वेळी
तुझा नंबर शोधणार नाही.

मी गौरेशकडे पेन मागितलं.
कॅलेंडर कठड्यावर पसरलं, उद्याची तारीख शोधली.
गोल काढला तर उद्या तोच मोजणार.
फुली काढली तर मिनेझिस मोजणार.
हात तसाच वर राहिला,
म्हातारा पुन्हा खोकला,
मी सगळं गुंडाळून बाजूला झाले.

चावडीच्या स्टँडवर आल्यावर लक्षात आलं,
पेन द्यायचं राहून गेलं.
निळं आहे.