ड्रायव्हर

नोव्हेंबर सरता सरता आमच्याकडे सूर्य रजेवर जातो
तो थेट जानेवारीत, उगवल्यासारखं करून मावळायला.
मधले पन्नास दिवस टपाल मात्र येतंच:
गुडघ्याच्या गोळ्या, वीजबिलं,
हेलसिंकीतल्या नातवंडांनी काढलेली चित्रं.
त्रेसष्ट पेट्या, एकशे चाळीस किलोमीटर,
आणि माझ्या जुन्या विजेरीचा उजेड पंचविसाव्या पेटीपाशीच
दुसऱ्या पाण्याच्या कॉफीसारखा.

ओउला स्नोमोबाईल दुरुस्त करतो. त्याच्या तेलकट बाकावर
मी दोन विजेऱ्या ठेवल्या, दोन्ही चार्ज होणाऱ्या.
एकीच्या खोक्यावर बारा हजार लुमेन.
दुसरीवर नुसतं एक हजार, आणि किंमत दुप्पट.
"बारा हजार अर्धं मिनिट," तो म्हणाला,
"मग हात भाजतो, मग ती मान खाली घालते.
लुमेन काय, कोणीही छापतं, साइमी.
ड्रायव्हर कोण आहे ते विचार."

मला हसू आलं.
बाबा ड्रायव्हर होते, टपालाच्या बसवर, एकतीस वर्षं.
आमच्या भाषेत या चकतीलाही तोच शब्द, आयुरी:
पूर्वी घोडागाडी हाकायचा तो.

ओउलाने विजेरीचं डोकं फिरवून काढलं.
आत नाण्याएवढी हिरवी चकती.
"भरलेला सेल चार पूर्णांक दोन व्होल्टने ढकलतो,
दमलेला तीनने. पण ही घरातली गोष्ट
दिव्याला कळता कामा नये.
त्याला ठरलेला प्रवाह हवा, बास.
हा स्विच सेकंदाला लाखो वेळा दार उघडतो, लावतो,
आणि ही तांब्याची गुंडाळी
सगळे धक्के पोटात घालते.
पलीकडे जातं ते सपाट, अखंड."

"आणि स्वस्तातलीत?"
तो काही बोलला नाही. दोन्ही घेऊन बाहेर आला.
बर्फ पडत होता.
बारा हजारवालीला त्याने सगळ्यात मंद केलं
आणि प्रत्येक कण धावदोऱ्यासारखा खाली आला:
टाका, फट, टाका, फट.
दुसरी लावली. तोच बर्फ,
आता एकेक सरळ रेघ.

कारिगास्निएमीच्या चढाला बसचं इंजिन रडायचं.
बाबांचा पाय पेडलवर किती दाबलेला असायचा
ते फक्त मला दिसायचं, मी पुढच्या सीटवर.
मागे म्हाताऱ्या विणत बसलेल्या,
कोणाचा टाका सुटायचा नाही,
थर्मासच्या झाकणातली कॉफी हलायची नाही.
चढ संपला हेसुद्धा त्यांना कळायचं नाही.

शेवटच्या हिवाळ्यातही आवाज तोच, विनोद तेच,
पाहुणे असेपर्यंत.
पाहुणे गेले की खुर्चीत एकदम मंद.

"सेल संपत आला की ही दोनदा लुकलुकते,"
ओउला सांगत होता, "मग स्वतःच बंद होते.
अगदी तळाला गेलेला सेल पुन्हा भरत नाही."

एका गुरुवारी बाबांनी मला हाक मारली होती.
साइमी.
थोडं थांबून, साइमी.
मी टपाल लावत होते, आले म्हटलं.
"काही नाही," म्हणाले.

मी हजारवाली घेतली.
सेल कोटाच्या आत, छातीशी ठेवते, थंडीत तो लवकर हरतो.
हजारही कधी लागत नाहीत मला. पन्नासात
पेटीवरचं नाव वाचता येतं,
रेनडिअरचे डोळे रस्त्याकडेला ओळखता येतात.

त्रेसष्टावी पेटी अस्लाकची, झाकण नेहमी गोठलेलं.
मुठीने दोन ठोसे द्यावे लागतात.
उजेड पहिल्या पेटीइतकाच.
उजेडाकडे बघून काही कळणार नाही, हे आता मला माहीत आहे.
म्हणून मी हातमोजा काढते,
विजेरीच्या मानेवर तळवा ठेवते,
उणे एकतीसमध्ये, जितका वेळ ठेवता येईल तितका,
आणि विचारते.