रकाना चौदा

साक्रीकडून आलेली एसटी पांझरेच्या पुलावर थांबली.
मी उतरलो. काखेत सरकारी टॅब,
गळ्यात ओळखपत्र, त्यावर माझा फोटो,
माझ्यापेक्षा जास्त हसणारा.

'मागास गावांची फेरतपासणी' असं कामाचं नाव.
सव्वीस प्रश्न.
उत्तर एक तर आहे, नाही तर नाही.
आणि इकडे सगळंच अधलंमधलं:
नळ आहे, पाणी तिसऱ्या दिवशी.
दवाखाना आहे, त्याला कुलूप आहे,
किल्ली मात्र धुळ्याला राहते.

सरपंच भटूआप्पांनी चहा सांगितला,
खुर्ची जवळ ओढली, हळूच म्हणाले,
भाऊसाहेब, जरा हात आखडून भरा.
गेल्या खेपेला पोरं फुशारली,
विचारलं त्याला आहे, आहे करत सुटली,
आणि रस्त्याचा पैसा गेला शेजारच्या गावाला.
ते हुशार निघाले.
मागास निघाले.

मी हसलो, आणि आठवलं
पुण्यातलं हॉस्टेल, पहिली रात्र.
'आहे'च्या जागी माझ्या तोंडून 'शे' गेलं
आणि चार पोरं गादीवर लोळली.
तेव्हापासून माझ्या तोंडात 'आहे' आहे,
राखेनं घासलेल्या पेल्यासारखं लख्ख.
'शे' फक्त आईशी, फोनवर,
जिन्यात उभं राहून.

निंबा पाटकरी मला पाटावर घेऊन गेला.
बंधारा कोणी बांधला त्याला ठाऊक नाही,
त्याच्या आज्यालाही नव्हतं.
पाणी एका फडातून दुसऱ्या फडात उतरतं.
एका फडात सगळ्यांचं पीक एकच.
पाणी कमी त्या वर्षी कोणता फड पडीक ठेवायचा
ते सगळ्यांनी बसून ठरवायचं.
भांडणं होत नाहीत?
"व्हतस ना," निंबा म्हणाला,
"पन पानी काय थांबस भांडनसाठे?"
आणि फावड्यानं चिखलाचा एक घास काढून
त्यानं वाट मोकळी केली.
मी टॅबवर बोट फिरवलं, वर, खाली, पुन्हा वर.
याच्यासाठी रकाना नव्हता.

इथंच थांबलो असतो तर बरं होतं.
आमच्या मुलखाची बाजू राखली गेली असती,
त्या चार पोरांना परस्पर उत्तर मिळालं असतं.

पण झेलाबाईच्या ओट्यावर
एक पोरगी पाण्याचा तांब्या घेऊन आली.
नखांच्या कडांना हळद.
दाराआड खुंटीला दप्तर,
त्याची चेन तुटलेली, सेफ्टी पिन लावलेली.
रकाना चौदा: घरात अठराच्या आतला विवाह.
"एकोनीस चालू शे तिले," झेलाबाई म्हणाली.
पोरगी तांब्याकडे बघत म्हणाली,
"नववीनी परीक्षा दिधी मी."

मागून भटूआप्पा खोकले.
सकाळपासून प्रत्येक रकान्यात
गाव खाली ओढून धरणारे आप्पा म्हणाले,
भाऊसाहेब, हे तेवढं 'नाही' करा.
उगाच गावाचं नाव जातं.

ओट्यावर कोणीच बोलेना.
कोपऱ्यात बिबड्या वाळत होत्या, त्यांवर एक कावळा,
त्याला हाकलायलाही कोणी उठलं नाही.
माझ्या बोटानं 'आहे' दाबलं
आणि त्याच वेळी तोंडातून,
सगळ्यांना ऐकू जाईल असं,
"शे."

तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर
एक नंबर लिहून दिला. एक शून्य नऊ आठ.
तिनं तो दोनदा वाचला.
मग टॅबकडे बोट केलं, "हाई कथा जास?"
मुंबईले, मी म्हणालो.
"आनि तठून कोन येस?"

पुलावर रेंज नव्हती.
'माहिती पाठवली जात आहे'
असं लिहिलेलं, आणि एक चक्र गरगरत राहिलेलं.
खाली पांझरेत म्हशी गळ्यापर्यंत बुडालेल्या,
एसटीचा पत्ता नाही,
आणि आप्पांचं पोरगं मोटारसायकल घेऊन
पुलाच्या त्या टोकाला येऊन थांबलं होतं,
इंजिन बंद न करता.