एक जानेवारी

नायकाला नऊ पूर्ण झाली म्हणून
फाटकातच तिच्या छातीवर बिल्ला लागला, बशीएवढा:
"आज माझा वाढदिवस".
रोलर कोस्टरची रांग सोडून आम्ही मागच्या दाराला लागलो,
कारण पोरीला उंचावरून किंचाळायचं नव्हतं,
तिला बघायचं होतं, प्राणी झोपतात कुठे.
त्या तिकिटांसाठी मी तीन महिने जादा पाळ्या केल्या.
आई म्हणाली होती, मी कशाला,
आणि सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसली होती.

ब्रेना नावाची राखणदार,
पायांत गमबूट, मनगटावर जुन्या चाव्याची खूण.
तिने दार लोटलं आणि बागेतलं संगीत मागे राहिलं.
खडकांची पाठ दिसली: प्लायवूड, खिळे,
एकावर पेन्सिलीने लिहिलेलं, "हा डावीकडे".

आधी स्वयंपाकघर.
स्टीलची टेबलं, वजनकाटे, आणि फळ्यावर नावं:
कोणाला रताळं सोसत नाही,
कोणाचं औषध केळ्यात लपवायचं,
कोण शेजाऱ्याचं बघून मगच खातो.
नायका कंटाळली. आई हलेना.
सव्वीस वर्षं तिने शाळेच्या कँटीनमध्ये
चारशे पोरांना जेवू घातलं,
शेंगदाणा कोणाला नको, दूध कोणाला नको, सगळं तोंडपाठ.
तिने एक गाजर उचललं, कानाशी नेऊन मोडलं,
"ताजं आहे," म्हणाली क्रेओलमध्ये,
आणि ब्रेनाला न समजताच समजलं.

मग बाबेट.
गजांमागे काहीतरी हललं
आणि वाटलं, भिंतच सरकली.
दोन टनांची गेंडीण,
श्वासाला ओल्या गवताचा वास.
कानामागे हात लाव, ब्रेना म्हणाली.
नायकाने लावला.
"आजीच्या कोपरासारखं आहे!"
मी जीभ चावली.
आई इतकी हसली
की बाबेटने एक कान तिच्याकडे वळवला.

हिचा वाढदिवस कधी?
ब्रेना जरा थांबली.
माहीत नाही. पिल्लू असताना जंगलात सापडली, एकटी.
कागदावर काहीतरी लिहावं लागतं,
म्हणून एक जानेवारी.

आईने गज धरला.
ती काय बोलणार ते मला ठाऊक होतं,
आणि ती बोललीच नाही.
जेरेमीच्या वरच्या डोंगरात ती जन्मली तेव्हा
नोंदवहीपर्यंत दीड दिवसाची वाट होती, मध्ये नदी.
आणि पुढे मायामीत, खिडकीमागच्या बाईला
रकाना रिकामा सोडता येत नव्हता.
लायसनवर, पासपोर्टवर, पेन्शनच्या पत्रावर
माझी आई एक जानेवारीला जन्मते.
आम्ही त्या दिवशी भोपळ्याचं सूप पितो,
पण ते तर हैतीत त्या दिवशी घरोघरी पितात,
तिच्या एकटीचं त्यात काय.

नायकाला हे कोणी सांगितलं होतं की नाही, आठवत नाही.
तिने बिल्ला काढला
आणि आजीच्या स्वेटरला लावला, वाकडा.

मग दिवसभर
आइस्क्रीमवाली, झाडूवाला, पिसांच्या टोपीतला पोऱ्या,
जो तो आईला शुभेच्छा देत सुटला.
आधी ती प्रत्येकाला थांबवून सांगायची,
माझा नाही हो, नातीचा.
पाचव्या-सहाव्याला नुसती मान हलवली.
ऊन उतरल्यावर गार वाटतंय म्हणाली,
पण स्वेटरची बटणं लावली ती अशी
की बिल्ला झाकला जाऊ नये.

रात्री पेट्रोल पंपावर थांबलो.
मागच्या सीटवर नायका झोपलेली,
बुटांना बाबेटच्या खोलीतला भुसा.
काउंटरवरच्या मुलाने आईचा बिल्ला वाचला.
"कितवा, मॅडम?"
आईने पाण्याची बाटली पिशवीत घातली,
सुटे पैसे दोनदा मोजले,
आणि जराही न हसता म्हणाली,
"नववा."