नमुना क्रमांक चौदा

सोरोत्साउरेला मी माती तपासायला गेलो होतो.
खांद्यावर गिरमीट, पिशवीत काचेच्या नळ्या,
आणि एक नकाशा, ज्यात बिल्बाओची ही नदीकाठची पट्टी
आधीच फिकट हिरवी झालेली.

फेलिसा दारात खुर्ची टाकून वाटाणे सोलत होती.
"माझा नंबर कितवा?"
मी नकाशा उलगडला. तिचं स्वयंपाकघर
सायकलींच्या रस्त्यात जात होतं, थोडंसं.
"थोडंसं म्हणजे? चूल की कपाट?"
कपाट, मी म्हटलं.
"मग जाऊ दे. त्याचं दार तसंही लागत नाही."

मग उठलीच, मला हिंडवायला.
हा बिस्किटांचा कारखाना. पंधराव्या वर्षापासून
ती पट्ट्यावरची मोडकी वेचायची,
शुक्रवारी तीच मोडकी पिशवीभर घरी.
तो पलीकडे बॉयलरचा, साबिनो होता तिथे.
वारा इकडून आला तर दोरीवरच्या चादरींना व्हॅनिला,
तिकडून आला तर गंज.

आता बॉयलरच्या छपराखाली पोरं खोट्या कड्यावर चढतात,
कमरेला रंगीत दोर, खाली हातभर जाड गाद्या.
साबिनो पडला तेव्हा खाली गादी नव्हती.
हे ती बोलली नाही, तिचा भाचा उनाय नंतर बोलला.
ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली,
"गाठी छान मारतात हं."

पुढे कालवा. इथे जमीन होती,
ती खणली, आणि पाणी दोन्हीकडून येऊन भेटलं.
"बाहत्तर वर्षं जमिनीवर राहिले,
आणि एका सकाळी, जागची न हलता, बेटावर!"

तिच्या परसात गिरमीट उतरवलं.
वीतभर काळी माती, मग राख, मग विटांचा चुरा,
मग निळसर काहीतरी, ज्याचं नाव मी लिहिलं
आणि वही मिटली.
"शिसं ना?" तीच म्हणाली.
"ह्याच मातीतल्या मिरच्या खाल्ल्यात मी.
एकोणऐंशी चालू आहे. तेही लिही तिथे."
तसा रकाना नव्हता.

भरती चढत होती. तांबडी असायची म्हणे ही नदी,
आता तिच्यात मासे दिसतात, जाडे, आळशी,
कुणी धरत नाही.

निघताना तिनं माझ्या कोटाच्या खिशात
ओंजळभर वाटाणे ओतले.
कुठल्या वाफ्यातले, ते मी विचारलं नाही.
पूल ओलांडेपर्यंत
खिसा रिकामा झाला होता.