इतिवृत्त

ग्रामसभा अकराला. मी दहालाच लिहून ठेवतो
वहीत, ठरावांखाली: सर्वानुमते मंजूर.
आधी लिहिलं की अक्षर बरं येतं.
सतरा वर्षांत खाडाखोड नाही.
आटपाडीहून तपासणीला आलेले साहेबही
पान उलटताना तसं म्हणाले होते.

विषय क्रमांक चार. टँकर कुठं थांबणार.
वेशीपाशी, नेहमीप्रमाणे.
सूचक ठरले होते, अनुमोदक ठरले होते,
चहा सांगितला होता.

मागून तायाप्पा हेडी उठला.
चाळीस वर्षं खरसुंडीच्या बाजारात
टॉवेलाखाली बोटं दाबून खिलार खोंडं विकलेला माणूस.
म्हणाला, "जनावराचा सौदा झाकून करत्यात.
का, तर शेजारच्याला भाव कळू नये.
पर हितं शेजारचाच तर बसलाय.
हितं कुणापासनं झाकायचं?
वेशीपाशी का, तेवढं बोला."

सरपंच हसले. "कायमच तिथं थांबतोय की."
"ते कारण न्हवं. ती सवय झाली."

पुढं जे झालं त्याला वहीत रकाना नाही.
कुणी म्हणालं, वेशीपाशी रस्ता रुंद आहे.
हे खरं होतं.
गजरा ऐवळे म्हणाली, आमच्या आळीला चढ हाय,
भरला हंडा चढावर दुप्पट होतो,
एकदा उचला, मग सांगा रुंद.
हेही खरं होतं.
सरपंचांनी तोंड उघडलं, मिटलं.
त्यांना असं कारण हवं होतं
जे गजराच्या दारात उभं राहूनही
खाली न बघता सांगता येईल.
ते शोधायला वेळ लागला.
चहावर साय धरली.

एक सापडलं: चढाला टँकरचा ब्रेक लागत नाही,
मागच्या उन्हाळ्यात घसरून भिंतीला टेकला होता.
ड्रायव्हरला बोलावून विचारलं. तो हो म्हणाला,
जरा उशिरानं.

हात वर झाले. गजराला बाराच.
ती म्हणाली, "हारलो तर हारलो.
पर का हारलो ते लिवा, आन वाचून दावा."

मी 'सर्वानुमते'वर रेघ मारली.
दहाची शाई वाळलेली, रेघ तेवढी ओली.
बाजूला लिहीत गेलो, जागा पुरेना, समासात शिरलो:
रस्ता, ब्रेक, भिंत, कोण काय म्हणालं,
कुणी ते कशानं खोडलं.
वाचताना दोनदा अडखळलो,
स्वतःचंच अक्षर.

"हंडा ऱ्हायला," तिचं पोरगं खिडकीतनं ओरडलं.

खरंच राहिला होता.