ट्रान्झिट

लॅमिंग्टन रोड, दुसरा मजला.
पंखा बंद, बिलं उडतात.
अपग्रेड एकोणतीस टक्क्यांवर अडलं:
ही जुनी फाईल-सिस्टिम यापुढे चालणार नाही.
आधी सामान हलवा, मग या.

डिस्क केळुसकरांनी बांधलेली, दोन हजार दोनला,
भायखळ्याच्या रंगाच्या वखारीसाठी.
एक फाईल हरवली नाही अजून.
ओळखत नाही म्हणे!
कालपर्यंत याच दारातून ये-जा होती.

केळुसकरांना फोन लावला. वाजत राहिला.
मग मुकाट दुसरी डिस्क जोडली.
उधारीचे हिशेब, गोडाऊनच्या चाव्यांची यादी,
'नवीन फोल्डर ७',
त्यात कुणाच्या तरी बारशाचे चार फोटो,
सगळं ट्रान्झिटला.

रात्री साडेनऊला परत आणलं.
मोजून घेतलं, सगळं आहे.
तारखा तेवढ्या बदलल्या.

बारसं आजचं झालं.