खांद्याचा धक्का

नेल्बाबाई आल्या तेव्हा गाडी दोराला होती,
पुढे भाच्याचा ट्रॅक्टर, मागे बावन्न सालची ऑस्टिन,
स्टिअरिंगवर त्या, डोक्याला लोकरी टोपी.
कार्मेलोत जुलै म्हणजे ऐन थंडी,
नदीवरून वारा येतो तो थेट हाडं मोजतो.
"मार्चमध्ये एवारिस्तो गेला," त्या म्हणाल्या,
"तेव्हापासून ही बया सुरूच होत नाही."

मी आधी सगळे करतात तेच केलं.
हेडलाइट लावले, स्टार्टरची मूठ ओढली.
दिवे पार मंदावले तर बॅटरी बसलीय, नाही तर मोटर अडकलीय.
ढिम्म राहिले तर तार तुटलीय, नाही तर स्विच जळलाय.
दिवे जेमतेम लवले, ओळख दाखवल्यासारखे,
आणि आतून आवाज आला,
घर्रर्र,
दाणे न घालता जातं फिरवावं तसा.

बॅटरी बदलली. तोच सूर.
अर्थची पट्टी काढून हिरवा गंज खरवडला,
पत्रा लखलखेस्तोवर घासला. तोच सूर.
मोटर उतरवून बाकावर आवळली,
कार्बन ब्रश अजून निम्मे शिल्लक, तांबं स्वच्छ,
तार टेकवताच अशी उसळली
की शेजारचा पान्यांचा डबा खाली.
म्हणजे मोटर निर्दोष.
मग घोडं पेंड खातंय कुठे?

दुसऱ्या संध्याकाळी, उगाच,
प्लग काढून इंजिन हाताने जरासं फिरवलं,
प्लग लावले, मूठ ओढली,
आणि ऑस्टिन चालू!
मी हात पुसले. बंद केली. पुन्हा ओढली.
घर्रर्र.

नेल्बाबाई काखेत थर्मास धरून माते चहा ओढत होत्या.
"ते कशी सुरू करायचे?"
"बसायचा आणि करायचा."
"बसण्याआधी काय करायचे?"
नळीचा घुटका संपेपर्यंत त्या गप्प.
"खिडकीतून हात घालून गिअरशी खुडबुड,
मग दाराच्या खांबाला खांदा लावून एक धक्का.
वीतभर. रोज.
मला वाटायचं पोरी, लाडाने करतो.
म्हातारीला हलवून उठवावं तसं."

गिअरबॉक्स उतरवला.
फ्लायव्हीलच्या दातेरी कड्यावर दोन जागी,
समोरासमोर, दात झिजून बोथट.
चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना
वाटेल तिथे थांबत नाही.
दाबाच्या जरा अलीकडे, त्याच त्या दोन जागी टेकतं,
आणि उठवायला येणारी मोटर
बरोबर तिथेच दात मारते.
वीतभर ढकललं की शेजारचे धड दात पुढे येतात.
एवारिस्तोंना ठाऊक होतं.
सांगितलं नाही इतकंच.

नेल्बाबाईंनी हातमोजा काढून
कड्यावरून बोट फिरवलं.
"म्हणजे लाड नव्हता."
मला काही सुचेना. म्हटलं, ग्रीस लागेल बोटाला.

नवं कडं मिळत नाही.
जुनंच तापवून काढलं, पाव फेरा फिरवून बसवायचं ठरलं.
अल्सीदेसच्या बेकरीत, पहाटेचा माल निघाल्यावर,
पावाच्या भट्टीत कडं, पिठाच्या फळीवर फ्लायव्हील.
तो कुरकुरला, उद्या पाव लोखंडाचे लागतील म्हणून.
संधी एकदाच. गार होताना कडं आवळतं,
मग चूक कळूनही हलत नाही.
बसलं.

शनिवारी पहिल्या ओढीला सुरू झाली.
त्यांनी बंद केली, सुरू केली, बंद केली,
असं सहा वेळा. बॅटरी संपेल, मी ओरडले.
झिजलेले दात आतच आहेत अजून,
आता तिथे कोणी थांबत नाही.

परवा पोस्टासमोर दिसल्या.
पिशवी मागच्या सीटवर ठेवली,
खिडकीतून आत हात घातला, काढला,
खांबाला खांदा लावला.
गाडी हलली नाही. हँडब्रेक ओढलेला होता.
टोपी सारखी करून मग आत बसल्या.